पाटावर उभं राहून केलेली इस्त्री

मी एक जुनी विजेची इस्त्री आहे आणि माझ्यामुळे एक माणूस मेलं आहे. मित्रांनो, असली गोष्ट आधी चार गोड वाक्यं बोलून मग हळूच सांगायची असते, पण मला ते जमत नाही. माझा स्वभावच तापट. शिवकन्या नावाची एकोणीस वर्षांची सून माझ्या अंगाला हात लावून गेली. तिचा गुन्हा एवढाच, की तिला दुसऱ्याचं काम हलकं करायचं होतं.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक तापणारी तार आहे. तिच्यातली वीज माझ्या लोखंडी अंगाला लागू नये म्हणून तिच्या वर-खाली अभ्रकाचे पातळ पापुद्रे घालतात. माझ्या वाट्याला आलेल्या अभ्रकाचा एक कोपरा तुटका होता. बसवणाऱ्या बाईनं तो पाहिला, हातात घेऊन क्षणभर थांबली आणि तसाच बसवला. संध्याकाळच्या आत तिला ठरलेल्या इस्त्र्या पुऱ्या करायच्या होत्या. पुढं तपासणाऱ्यानं मला यंत्राला लावून बघायला हवं होतं. तो गप्पा मारत मारत अख्ख्या रांगेवर 'तपासले' अशा गुलाबी चिठ्ठ्या डकवत होता. माझ्याही कपाळावर एक बसली. बाहेरून मी आरशासारखी चकचकीत होते. मला पाहून कुणालाही वाटलं असतं, काय देखणी वस्तू आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मी जालन्याच्या एका विजेच्या दुकानात मांडीवर पाय टाकून बसावं तशी फळीवर बसले होते. दुकानाचे मालक काकासाहेब मोठे गोडबोले. त्यांच्याकडे वडीगोद्रीच्या शाळेतले मास्तर साहेबराव आणि त्यांची बायको मालनबाई आली. मालनबाईंनी मला पाहिलं आणि त्या दुसरीकडे बघेचनात.

माझ्या वायरीच्या टोकाला तीन पायांची पिन होती. साहेबराव मुळात चौकस माणूस. त्यांनी विचारलं, "काकासाहेब, ही हिरवी तार कशाची? बाकीच्या दोन तारा तं कळल्या."

"ती शोभेची, मास्तर," काकासाहेब हसून म्हणाले. "तुमच्या घरच्या बोर्डाला भोकं किती? दोनच ना? मंग तीन पायांची पिन घेऊन काय भिंतीला भोक पाडणार हाव का?" बोलता बोलता त्यांनी पकड घेतली, हिरवी तार कचकन कापली आणि दोन पायांची पिन बसवून दिली.

मित्रांनो, ती तार शोभेची नव्हती. माझ्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीत घेऊन जाणारी ती वाट होती. एक खोट मी कारखान्यातून घेऊन आले होते, दुसरी दुकानात पदरात पडली.

पुढं पावतीचा विषय निघाला. "पक्की पावती घेतली तं फुकटचा टॅक्स बसंल. मी हितंच हाय की, कुठं पळून चाल्लो?" असं म्हणून काकासाहेबांनी कंपनीचं गॅरंटी कार्ड पुढं केलं. त्यावर ना दुकानाचा सिक्का, ना तारीख. शाळेत एका पूर्णविरामासाठी गुण कापणारे साहेबराव ते कोरं कार्ड घडी घालून खिशात ठेवून मोकळे झाले.

त्यांना तरी का नावं ठेवावीत? त्या दोघांना त्या दिवशी काय मिळत होतं, ते तुम्हाला कळायला हवं. वडीगोद्रीत ते बौद्ध वस्तीत राहत. गावातला परीट वस्तीचे कपडे घेत नसे. तोंडावर नाही म्हणत नसे, फक्त दरवेळी त्याचा कोळसा संपलेला असे. म्हणून मालनबाई पितळेच्या तांब्यात निखारे भरून, तो फडक्यानं धरून कपड्यांवर फिरवत. कधी ठिणगी उडे, कधी राख पडे, आणि शाळेत जाणाऱ्या मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग लागे. मी घरात आले त्या दिवशी मालनबाई म्हणाल्या, "आता कुणाच्या दारात उभं राहायचं काम न्हाई." त्यांनी मला खणाच्या कापडाचं टोपरं शिवलं. आपल्याला कुणी टोपरं शिवतं म्हणजे काय, हे इस्त्रीच्या जातीला सहसा ठाऊक नसतं.

आठ दिवसांत अख्ख्या वस्तीचे कपडे माझ्याकडे येऊ लागले. कुणाचं लग्नाचं उपरणं, कुणाची तालुक्याला जायची विजार. मालनबाई कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. माझी मूठ लाकडी होती, तिला धरून काही होत नसे. पण एकदा पदराची घडी सारखी करताना त्यांचा डावा हात माझ्या पत्र्याला लागला आणि त्यांनी तो चटकन मागं घेतला.

"अवो, ही चावून राह्यली," त्या म्हणाल्या.

साहेबरावांनी बोट लावून पाहिलं. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं इलाज सांगितला, की लाकडावर उभं राहिलं तर वीज लागत नाही. मालनबाईंनी जेवायला बसायचा पाट आणून त्यावर उभं राहून पाहिलं. खरंच काही झालं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या दिवशी माझाच राग आला. झिणझिण्या हा माझा निरोप होता. मला परत पाठवा, एवढंच मी सांगत होते, आणि यांनी त्यावर पाट टाकला.

साहेबराव मात्र पाटावर समाधान मानणारे नव्हते. रविवारी ते मला पिशवीत घालून जालन्याला गेले. काकासाहेब गादीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी बसल्या जागी मला चालू केलं आणि माझ्या पाठीवर तळहात टेकवला. जाड गादीवर बसलेल्या माणसाला मी काय चावणार?

"कुठंय करंट? बाई ओल्या हातानं धरीत असतील," ते म्हणाले. "नवी वस्तू वापरायची सवय लागती, मास्तर. तुमच्या लोकांना होईल हळूहळू."

'तुमच्या लोकांना' हे शब्द ऐकून साहेबरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मला उचललं आणि ते तडक एसटी स्टँडकडे चालू लागले.

घरी येऊन त्यांनी कंपनीला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. मार्चच्या अखेरीस उत्तर आलं, की दुकानाचा सिक्का असलेलं कार्ड आणि पावती पाठवावी. ते पुन्हा जालन्याला गेले. काकासाहेब म्हणाले, "आता दोन महिने उलटल्यावर मी कोणत्या तारखेचा सिक्का मारू?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला पंखा दाखवू लागले. ही तक्रार ऐकणारी कचेरी कुठं असते, हे साहेबरावांनी अंबडला विचारलं, जालन्यात विचारलं. कुणी विजेच्या ऑफिसात धाडलं, कुणी पोलिसात. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"मी ही नेऊन त्याच्या दारात आपटतो," साहेबराव एका संध्याकाळी म्हणाले. "घरात न्हाई ठेवायची."

मालनबाईंनी मला जवळ ओढलं. "आन् मंग? पुन्हा तांब्या आन् कोळसे? जयंती आठ दिवसांवर आली. सगळ्या वस्तीचे पांढरे कपडे माझ्याकडं येणार. राहू द्या. मी पाट घेते की."

साहेबरावांनी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. इथंच चुकलं, मित्रांनो. दुकानदारानं हात झटकले होते हे खरं, पण त्या क्षणी त्या घरानं माझी खोट आपलीशी केली. एवढी मिनतवारी करून मिळालेला मान कोण परत करील? मालनबाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगायचं ते सांगते.

जयंतीच्या आदल्या दिवशी, तेरा एप्रिलला, सकाळपासून वस्तीत सारवणं चाललं होतं. मालनबाईंनीही सगळं सामान अंगणात काढून घर शेणानं लख्ख सारवलं. पाटही बाहेर भिंतीला टेकवून ठेवला होता. दुपारी वीज आली. जमीन वरून सुकली होती, पोटात ओल होती. शेजारच्या गोजरबाईंची नवी सून शिवकन्या नवऱ्याचा सदरा आणि आपलं पांढरं लुगडं घेऊन आली. तिच्या लग्नाला दोनच महिने झाले होते. तिची वस्तीतली ही पहिलीच जयंती. मालनबाईंनी मला जमिनीवर घातलेल्या घोंगडीवर ठेवलं, बटण लावलं आणि पाट आणायला दाराकडे निघाल्या. तेवढ्यात गोजरबाईंनी हाक मारली, "मालन, नीळ हाय का गं थोडी?" मालनबाई नीळ घेऊन त्यांच्या दारात गेल्या आणि दोन शब्द बोलत थांबल्या.

इकडे शिवकन्येला वाटलं, काकू सकाळपासून राबून राह्यल्या, आपला सदरा आपणच करून घ्यावा. अनवाणी पायांनी ती सारवलेल्या जमिनीवर उकिडवी बसली. उजव्या हातानं मूठ धरली, डाव्या हातानं कापड ताणलं, आणि तो हात माझ्या अंगाला लागला. तीन महिन्यांच्या कामानं माझ्या पोटातला तुटका अभ्रक पार जळून गेला होता. आता झिणझिण्या नव्हत्या. मी तिला धरलं ते धरलंच. मला सोडायचं होतं, मित्रांनो. मला सोडताच येत नव्हतं.

मालनबाई परत आल्या आणि तिला ओढायला धावल्या, तर त्या स्वतःच भिंतीपर्यंत फेकल्या गेल्या. कुणीतरी काठीनं पिन उडवली. तोवर सगळं संपलं होतं.

जमादारानं पंचनाम्यात लिहिलं, विजेची वस्तू निष्काळजीपणे हाताळल्यानं मृत्यू. मरणारीचा निष्काळजीपणा. दुसऱ्या दिवशी गावात जयंतीचे झेंडे लागलेले होते आणि वस्तीतून एकही माणूस बाहेर पडला नाही. लोक कुजबुजू लागले, की मास्तरणीच्या घरात सून मेली, तिनंच चालू इस्त्री टाकून जायला नको होतं. मालनबाईंना एकच गोष्ट कुणाच्या तरी तोंडून ऐकायची होती, की दोष इस्त्रीचा होता, त्यांचा नव्हता.

साहेबराव मला घेऊन तिसऱ्यांदा दुकानात गेले. काकासाहेबांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. "ही माझ्या दुकानातली न्हाईच. असंल तं पावती दाखवा," ते म्हणाले. मागच्या फळीवर माझ्याच रांगेतल्या दोन बहिणी बसल्या होत्या. त्यांच्याही कपाळावर गुलाबी चिठ्ठ्या होत्या.

मग साहेबरावांनी भिवा वायरमनला घरी बोलावलं. भिवा त्याच वस्तीतला, हाताचा सच्चा कारागीर. गोजरबाईंसह दहा-बारा माणसं जमली. त्यानं माझे स्क्रू काढले, जळका अभ्रक बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि कापलेल्या तारेचं थोटूक दाखवलं.

"गुरुजी, ही जल्मापासूनच खोटी व्हती," तो म्हणाला. "आन् तिसरी तार बराबर जमिनीत गेली असती, तं फ्यूज उडून पोरगी वाचली असती."

"एवढंच कागदावर लिहून दे, भिवा," साहेबराव म्हणाले. "सही कर. मी कोर्टात जातो."

भिवानं मान खाली घातली. "तोंडानं शंभरदा सांगतो. कागदावर न्हाई जमायचं. जालन्याची सगळी कामं मला त्याच दुकानातून मिळत्यात. माझी लेकरं उपाशी मरतील, गुरुजी."

त्याच्यावर कुणी ओरडलं नाही. मालनबाईंच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी दिवसांनी जरा रंग आला होता. त्या गोजरबाईंचा हात धरायला पुढं झाल्या. "ऐकलं ना, आक्का? जल्मापासून खोटी व्हती. माझी चूक न्हाई ना मंग?"

गोजरबाई तो जळका अभ्रक बघत होत्या. त्यांनी हात काढून घेतला. "तुला झिणझिण्या येत व्हत्या ना, मालन?"

"येत व्हत्या."

"मंग माझ्या सुनेला का न्हाई सांगितलं?"

मालनबाई म्हणाल्या, "जिवावर येईल असं वाटलं न्हाई, आक्का. मला सवय झाल्ती."

गोजरबाई उठल्या आणि आपल्या घरी गेल्या. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

आज मी शाळेच्या कपाटात आहे. साहेबराव दरवर्षी चौथीच्या वर्गापुढं मला उघडून ठेवतात आणि पोटातली जळकी जागा दाखवतात. माझ्या दोन बहिणी कुणाच्या घरी गेल्या, मला ठाऊक नाही. तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. विजेची वस्तू घेताना पक्की पावती मागा, कार्डावर सिक्का आणि तारीख घ्या, तिसरी तार कुणाला कापू देऊ नका. वस्तू खोटी निघाली तर दुकानाचा उंबरठा झिजवा, दहा माणसांना ओरडून सांगा. तरीही कुणी ऐकलं नाही तर ती फेकून द्या, मग ती कितीही हौसेनं घेतलेली असो. पण तिच्याशी जुळवून घेऊ नका. मालनबाईंनी जुळवून घेतलं होतं, त्या वाचल्या. शिवकन्येला कुणी काही सांगितलंच नव्हतं.