गाळलेलं पाणी

सगुणानं कळशीच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी बांधली आणि हंडा तिरका करणार, तोच सुनेनं, तेजलनं, तिचा हात धरला.

"आये, आज गाळायचा नाय."

"पावना येतोय गो."

"तोच येतोय. म्हणून सांगतंय."

सगुणानं हंडा खाली ठेवला.

दोन वर्षं गावामागच्या सड्यावरचा, कातळपठारावरचा, बॉक्साइटचा लाल डोंगर खाणीतून डंपरमधून बंदरावर आणि तिथून बोटीत बसून परदेशी चालला होता. तिकडे तो पांढरा होतो, पातेलं होतो आणि रत्नागिरीच्या बाजारात येऊन आपल्यालाच महाग मिळतो, असं सगुणा सांगायची. गाव हसायचं. तिच्या आयुष्यभरच्या थापांत ही एकच खरी निघाली.

विहीर मात्र गढूळ लाल झाली. खाणीच्या उत्पन्नातला वाटा बाधित गावाला द्यायचा, असा कायदाच होता. त्यातून पाण्याचा नळ यायचा होता. गाव बाधित आहे का, ते बघायला पहिल्यांदा साहेब येणार म्हटल्यावर सगुणानं बायकांना कामाला जुंपलं. पाहुण्याला धुळीत का बसवायचं? अंगणं सारवली, रस्ता शिंपला, घरालगतच्या आंब्याच्या कलमांचं पानन्‌पान ओल्या फडक्यानं पुसलं. पाणी सात वेळा गाळून त्यात वाळा टाकला. साहेबांनी तांब्या रिकामा केला तसं तिला स्फुरण चढलं. हे पाणी प्यायला कोयनेच्या रानातला वाघ पायी येतो नि जाताना आंघोळ करून जातो, म्हणाली. साहेब पोट धरून हसले.

अहवालात वाघ नव्हता. धूळ आढळली नाही आणि पाणी उत्तम, एवढंच होतं. बाधित गावांच्या यादीतून गावाचं नाव गेलं.

साहेबाला खाणवाल्यांनी खिशात घातलानी, असं गाव म्हणू लागलं. सरपंच विनोदनं फेरपाहणीच्या अर्जातही तसंच लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. सगुणानंही केली. तेव्हापासून तिनं एकही गोष्ट रंगवून सांगितली नाही. विहिरीवरही बायका परतल्यावरच जायची.

आज फेरपाहणी होती. जीप थांबली. गाव अंगणात जमलं. रस्ता शिंपलेला नव्हता. साहेब धुळीच्या ओट्यावर रुमाल टाकून बसले, सगुणाला बघून ओळखीचं हसले.

"काय आजी, वाघ येतो ना अजून?"

सगुणानं तांब्या पुढे केला. वर बघितलं नाही.

"मागल्या खेपेला मी गाळून दिला होता, साहेबानू. पानापानावरची धूळसुदीक मीच पुसायला लावली. तुमी खोटा नाय लिवलात."

विनोदनं मान फिरवली.

साहेबांनी तांब्यातल्या गढूळ लाल पाण्याकडे बघितलं. मग म्हातारीच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं, आणि तिचा मान मोडू नये म्हणून तांब्या ओठांपर्यंत नेला.

सगुणानं त्यांचं मनगट पकडलं.

"पिव नका," ती म्हणाली. "लिवा."