दोन्ही डावीच

आत्याने कारखान्यात चाळीस वर्षं वॉशर कापले. वॉशर म्हणजे गोल. त्याला ना डावं, ना उजवं. सगळं रामायण त्यातूनच घडलं.

निवृत्तीनंतर तिने मागच्या खोलीत ठोकळा कोरून आकार देणारं एक छोटं मिलिंग मशीन आणून ठेवलं होतं आणि त्याच्यावर तिचा जीव होता. धाकट्या भावाला मात्र तिथे व्यायामाची सायकल हवी होती. त्याने अट घातली.

"ताई, पोरीच्या रोबोटला प्लास्टिकचं अंग करून दे. रविवारी त्याने घरातल्या बोळातून माझा चष्मा आणला आणि धड परत गेला, तर मशीन राहील. नाहीतर बाहेर."

भाचीने चाकं, मोटर, वायरी जोडून ठेवल्याच होत्या. आत्याने पांढऱ्या प्लास्टिकचा ठोकळा मशीनवर आवळला. दोन अर्धी कवचं कापायची आणि स्क्रूने जोडायची. एक अर्धं तिने कागदावर काढलं. दुसरं पुन्हा कशाला काढत बसायचं? त्याच कागदावरून दोन्ही कापली. कीस असा उडाला की तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या.

शनिवारी भाचीने कवचं जुळवून पाहिली. "आत्या, ही दोन्ही डावीच आहेत गं."

नवा ठोकळा सोमवारशिवाय मिळणार नव्हता. गेलं मशीन! वैतागून आत्याने एक कवच गर्रकन उलट्या तोंडाने फिरवलं आणि दुसऱ्याला भिडवलं, तर स्क्रूची भोकं बरोब्बर समोरासमोर! फक्त डोळ्याचं एक भोक पुढे आलं, दुसरं मागे.

"मग एक डोळा मागे बसव," ती म्हणाली. "जाताना पुढून बघेल, येताना मागून. अडलंय कुठे?"

रविवारी रोबोट डोक्यावर चष्मा घेऊन आला. बोळ चिंचोळा, त्यात दोन्हीकडे चपला. भाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता वळून दाखव म्हणावं!"

रोबोट वळलाच नाही. मागचा डोळा लुकलुकला आणि स्वारी तशीच उलटी निघाली, एकाही चपलेला धक्का न लावता.

"ताई, हे मुद्दाम केलंस?"

'हो' म्हणायला तिची जीभ शिवशिवली. पण मापाच्या बाबतीत ती जन्मात खोटं बोलली नव्हती. "नाही रे. चुकले. दोन्ही डावीच कापली."

भाऊ पोट धरून हसला. "चुकून एवढं करतेस, तर राहू दे बाई मशीन."

सायकल बोळात ठेवावी लागली. तेव्हापासून रोबोट तिथेच अडतो आणि भाऊ चष्मा आणायला स्वतः उठतो. तेवढाच त्याचा व्यायाम.