निवडलेला कोळसा

१९७१ सालचा आषाढ. आमच्या वखारीच्या मागच्या सोप्यात धोंडुबाई पोतं अंथरून बसली होती आणि मी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर उभी होते. तिनं दोन कोळसे उचलले आणि एकमेकांवर आपटले.

"ऐकलंसा, वैनी?"

"काय?"

"कसा वाजतोय बघा की. भांड्यावानी. ह्यो बाभळीचा. आता ह्यो ऐका." दुसरे दोन नुसतेच ठप्प वाजले. "ह्यो आंब्याचा. च्या कराय बरा. मटणाखाली घातला तर अर्ध्या तासात राख."

तिसरा तिनं मोडला. आत तपकिरी रेघ होती. "पोटात कच्चा हाय. धूर करणार." तो मागं टाकला. मग एक बाभळीचा तुकडा मोडून तिनं जिभेला लावला. हात काढला तरी तो क्षणभर जिभेला तसाच लटकून राहिला.

"सुका आसंल तर चिकटतोय," ती तुकडा परत ढिगात टाकत म्हणाली. "दमट आसंल तर न्हाय. चार दिस चुलीवरच्या माळ्यावर वाळवलाय म्या. आषाढ हाय, गंमत न्हाय."

मी कप खाली ठेवला. माझं लक्ष त्या ढिगातल्या तुकड्याकडे होतं.

मी कागलच्या एका मास्तरांची मुलगी. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, शाहूपुरीत कोळशाची वखार होती. गाड्या यायच्या राधानगरी-भुदरगडाकडून. माल उतरला की तो वेगळा करायचं काम धोंडुबाईचं. चहाच्या टपऱ्यांचा वेगळा, इस्त्रीवाल्यांचा वेगळा, आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्यांचा वेगळा. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिच्या हाताचा कोळसा म्हटलं की गिऱ्हाईक टोपलीत बघतही नसे. तात्या स्वतः म्हणायचे, "वखार माझी, पण नाव धोंडूचं."

त्या वर्षी गल्लीच्या जत्रेचं मटण बाळासो आचाऱ्याकडे होतं. त्र्यंबोली देवीला पाणी घालून माणसं परत आली की नैवेद्य आणि मग पंगत. बाळासोची पद्धत वेगळी होती. इतरांसारखी ढणाढणा लाकडं लावायचा नाही. पहाटे पाचला हंडे चढवायचा, झाकणं कणकेनं लिंपायचा, खाली मुठीएवढे कोळसे, झाकणावर अंड्याएवढे, आणि धगीवर राखेची गोधडी. दुपारी एकपर्यंत हंड्याला हात लावायचा नाही. "पांढरा रस्सा म्हंजे तान्हं पोरगं," तो म्हणायचा. "जरा जोरात जाळ लागला की फाटलंच." म्हणून त्याला धोंडुबाईनं निवडलेलाच कोळसा लागे.

तो कोळसा आदल्या दिवशी आमच्या सोप्यात पोत्याखाली झाकून ठेवला होता. दुपारी आक्का, माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "उद्या देवीचा निवद हाय. समदं स्वच्छ पायजे. उष्टं-खरकटं कशाला लागू द्यायचं न्हाय." आणि त्या आडव्या झाल्या.

माझ्या माहेरी नैवेद्याच्या दिवशी आई लाकडांवरसुद्धा पाणी शिंपडून घ्यायची. आणि इथे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, धोंडुबाईनं कोळसा जिभेला लावून परत ढिगात टाकलेला. एक तुकडा असेल की दहा, कोणाला माहीत. उष्ट्या कोळशावर देवीचा नैवेद्य कसा शिजवायचा? विचारलं तर आक्का म्हणतील, मास्तराची पोर शहाणपणा शिकवते. मग मी न विचारताच केलं. घर झोपलं होतं. पाटीपाटीनं तो सगळा कोळसा मी न्हाणीत नेला, चार घागरी पाणी ओतून धुतला, पसरून निथळवला, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत पोत्याखाली परत रचून ठेवला. वरून तो कोरडा दिसत होता. उलट धूळ गेल्यामुळे जास्त चकचकीत. मला मनातून फार बरं वाटलं. हे खरं सांगितलं पाहिजे.

सकाळी आठच्या सुमारास गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. कोळसे तडतडत होते, फुटून उडत होते. आच धरत नव्हती. बाळासोनं वारा घातला तर धूर कोंडला. वैतागून त्यानं खाली लाकडं सारली, तेव्हा एकदम जाळ झाला आणि दोन हंडे खालून लागले. कणीक फोडून झाकण काढलं तर पांढरा रस्सा फाटून वर तेल-पाणी वेगळं झालेलं, आणि करपल्याचा वास.

बाळासो दोन कोळसे घेऊन आमच्या दारात आला. मागं निम्मी गल्ली.

"तात्या, ह्यो कोळसा? देवीच्या निवदाला? भंगार तरी बरं."

धोंडुबाई आली. तिनं एक कोळसा मोडला, जिभेला लावला. तो घसरून खाली पडला.

"ह्याला पाणी लागलंय," ती म्हणाली.

"पावसाचं आसंल," कोणीतरी म्हणालं.

"पावसाचं न्हाय. पावसानं वरचा भिजंल, तळातला न्हाय. ह्यो आतवर प्यालाय. तात्या, म्या सुका देलता. घरात इचारा कुणी पाणी घातलं."

"घरात?" आक्का पुढं आल्या. "आमी घालू व्हय ग पाणी? आमच्याच निवदात?"

"म्या नाव घेतलं न्हाय कुनाचं."

"मग काय देवीनं येऊन घातलं?" बाळासो म्हणाला. चारदोन माणसं हसली.

तात्यांनी मान वळवली. मी दाराशी उभी होते. "सूनबाई, सोप्यात तुमचा वावर असतो. तुम्ही काही पाहिलंत?"

धोंडुबाईही माझ्याकडे बघत होती. आधी तोंडाकडे, मग खाली पायांकडे.

"नाही," मी म्हणाले.

तात्या धोंडुबाईकडे वळले. मग म्हणाले, "धोंडू, वय झालं तुझं. चुकतं माणूस. चुकलं म्हण, आणि उद्या नेहमीसारखी कामाला ये."

"चुकलं आसतं तर म्हटलं आसतं."

"म्हण की एवढं. गल्लीपुढं माझी मान राहील."

"आन माजी?"

तिनं दारातली कोळसा चाळायची चाळणी उचलली, पदरानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. वखारीची होती ती. मग पायरी उतरून गेली. तात्यांनी हाक मारली नाही. ती परत आली नाही.

त्या संध्याकाळी मी वसंताला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. म्हणाला, "आता गप्प बैस. तात्यांचं डोकं शांत झालं की बघू." तात्यांचं डोकं शांत झालं, पण आम्ही बघितलं नाही. पहिल्या महिन्यात सांगणं अवघड होतं, सहाव्या महिन्यात त्याहून अवघड, आणि वर्षानंतर वाटायला लागलं की आता विषय कशाला काढा. तात्या मात्र अधूनमधून एखादा कोळसा मोडून बघायचे आणि म्हणायचे, "धोंडूचा हात शेवटी शेवटी गेला बघ." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत असायचे.

१९७९ साली मी हुपरीला पैंजण घ्यायला गेले होते. एका चांदीच्या कारखान्याच्या, म्हणजे घराच्याच, पडवीत ती बसलेली दिसली. केस पांढरे झालेले. चांदी आटवायच्या मुशीसाठी कोळसा निवडत होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"या वैनी. बसा."

मी बसले. आणि आठ वर्षांचं एका दमात सांगून टाकलं. पाणी मी ओतलं, चार घागरी. तिचे हात थांबले नाहीत.

"मला तवाच ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमच्या नखांत काळं हुतं पायाच्या. मी वाट बघत हुतो, तुमी बोलशीला म्हणून."

"माझं चुकलं, धोंडुबाई."

"पर धुतलासा कशाला?"

मी सांगितलं. उष्टा झाला म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग हसली, अगदी मनापासून.

"आवो, जाळात काय उष्टं ऱ्हातंय?"

मलाही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "तात्यास्नी सांगितलासा?"

तात्या दोन वर्षांपूर्वी गेले होते. मी नाही म्हणून मान हलवली.

"न्हाय सांगितलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. एक कोळसा उचलला, वाजवून बघितला, ठेवला. "मंग मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं की."

निघताना तिनं वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी माझ्या हातात दिली. "बाभळीचा हाय. आषाढात लागंल."

बाळासोनं पुढं हॉटेल काढलं आणि गॅसच्या शेगड्या घेतल्या. त्याची मुलं ते चालवतात. आक्का शेवटपर्यंत ती जत्रा धोंडीनं नासवली असंच सांगत गेल्या. वसंतानं ८३ साली वखार मोडली आणि त्या जागी सिमेंटचं दुकान घातलं. तोही आता नाही. धोंडुबाई त्याच पडवीत बसल्या बसल्या गेली, असं मला हुपरीच्या माणसानं फार उशिरा सांगितलं.

पुडी माझ्याजवळ आहे. घरात गॅस आला होता, ती लागलीच नाही. आषाढात सगळं दमट होतं. कपडे, पापड, काड्याच्या पेट्या. तेव्हा मी दुपारी सगळी झोपली की पुडी सोडते, एक तुकडा जिभेला लावते आणि हात काढून घेते. अजून चिकटतो.