एका खोक्यातल्या तीन फिती

उन्मेष आला तेव्हा नऊ वर्षांची तनया सुनीतीबाईंच्या पियानोवर धडा गिरवत होती. बाईंनी तिला जरा थांबायला सांगितलं. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या या फ्लॅटमध्ये चाळीस वर्षं त्यांनी मुलांना पियानो शिकवला होता. उन्मेषही त्यांचाच जुना विद्यार्थी. आता तो जुन्या ध्वनिफिती दुरुस्त करून कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करायचा.

आज त्याच्या हाती घबाड लागलं होतं. कॅनॉट प्लेसजवळचा एक स्टुडिओ कधीचाच बंद पडला होता. त्याचं सामान पहाडगंजच्या एका गोदामात निघालं, आणि त्यात हा खोका. वर चिठ्ठी होती, ‘कु. सुनीती देव, पियानो, १९७४’. आत तीन फिती. पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीत एक मराठी मुलगी असं वाजवत होती आणि कुणाला पत्ता नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. येत्या रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात त्या ऐकवायच्या आणि मग इंटरनेटवर टाकायच्या, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. बाईंची परवानगीच्या कागदावर सही तेवढी हवी होती.

“तिसरी जरा जपून वाजवलीये, मावशी,” तो म्हणाला. “पण पहिल्या दोन ऐकून मी अक्षरशः रडलो.”

त्याने लॅपटॉपवर पहिली सुरू केली. दहा-बारा सुरांतच बाईंनी हात ओळखला. ही उत्तरा होती.

उत्तरा साने. दोघी एकाच शिक्षिकेकडे शिकलेल्या, एकाच बसने ये-जा केलेल्या. स्टुडिओचा तो तास दोघींनी मिळून घेतला होता. तिथली रीत अशी, की तास ज्याच्या नावावर, त्याच्या नावाची चिठ्ठी आदल्या दिवशीच खोक्यावर चिकटायची. तास सुनीतीच्या नावावर होता. पहिल्या दोन रचना उत्तराने वाजवल्या, तिसरी सुनीतीने. चिठ्ठी बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे उत्तरा लग्न होऊन अकोल्याला गेली, तिचा पियानो सुटला, आणि बारा वर्षांपूर्वी ती वारली.

उत्तराचा हात लहान. लांब लांबचे सूर एकदम दाबायची वेळ आली की तिची बोटं पोचायची नाहीत. मग ती खालचा सूर आधी वाजवायची आणि बाकीचे त्याच्यावर झरझर चढवत न्यायची. अडचणीतून काढलेली वाट, पण ऐकणाऱ्याचा श्वास तिथेच अडकायचा. सुनीतीचा हात लांबसडक होता. तिचा सूर कधी चुकला नाही, ताल कधी हलला नाही. शिक्षिका मात्र डोळे मिटून घ्यायच्या ते उत्तरा वाजवायला बसली की. सुनीती वाजवताना त्या घड्याळ बघायच्या.

लॅपटॉपमधून ते चढते सूर आले आणि तनया म्हणाली, “हे तर टीचर आजीच. हात छोटा असला की बिल्कुल असंच करायचं, आजींनी शिकवलंय.”

उन्मेष हसला. त्यालाही लहानपणी हेच शिकवलं होतं. खरंच होतं ते. लहान हाताच्या प्रत्येक मुलाला बाईंनी ही युक्ती दिली होती. ती कुणाची, हे एकालाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी पेन हातात घेतलं. आता सांगायला कोण उरलं होतं? शिक्षिका गेल्या, स्टुडिओवाला गेला, उत्तरा गेली. उत्तराला ना पुढे वाजवायचं होतं, ना कुठे मिरवायचं होतं. एक सही केली की झालं.

मग त्यांना ते सभागृह दिसलं. लोक उठून उभे राहणार, टाळ्या कडकडणार, आणि त्या सगळ्या उत्तराच्या हातांना. आपण पुढच्या खुर्चीत बसून मान झुकवायची. तिसरी लागली की शेजारचा हळूच म्हणणार, ही जरा फिकी पडली. जिवंतपणी उत्तरा पुढे आणि आपण मागे, एवढंच होतं. आता तर तिचीच शाल पांघरून बसायचं, आणि तीही आपल्याला सैल. बाईंचा जीव जळून उठला.

“पहिल्या दोन माझ्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “उत्तरा साने म्हणून होती एक. तिच्या आहेत.”

उन्मेषचा चेहरा उतरला. तिसरी कुणाची, हे त्याने विचारलं नाही. आपण मघाशी काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं होतं. बाईंनी चिठ्ठीची सगळी हकिगत सांगितली. ती युक्तीसुद्धा तिचीच, हे तनयाकडे बघून सांगितलं. तनयाने विचारलं, मग त्या तुमच्यापेक्षा चांगलं वाजवायच्या? बाईंनी मुलांना कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. आत्ताही त्या हो म्हणाल्या.

उन्मेषने चाचरत सुचवलं, की मावशींना नको असेल तर तिसरी गाळता येईल.

“गाळायची नाही,” बाई म्हणाल्या. “पण ती आधी लाव. उत्तरानंतर माझं ऐकायला कुणी बसणार नाही.”

त्यांनी कागदावर आपलं नाव खोडलं, दोन फितींपुढे उत्तराचं लिहिलं, तिसरीपुढे आपलं, आणि खाली सही केली. उन्मेष कागद घडी करून निघाला, तर त्यांनी त्याला दारातून परत बोलावलं.

“आणि हे बघ, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तिचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात नको.”