कावळा शिवला नाही

काशिनाथ नगरकरच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, आणि तेव्हापासून बाळूचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

दोघे नागपूरच्या सचिवालयातले कारकून. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, राजधानी भोपाळला ठरली आणि फायलींच्या पेट्यांमागोमाग माणसंही इथं येऊन पडली. सरकारी क्वार्टर अजून विटांच्या ढिगातच होते. म्हणून बायकामुलं मागे ठेवून हे दोघे मोठ्या तलावाजवळ एका खोलीत राहिले. उंची एक, अंग एक. एकाचा कोट घालून दुसरा ऑफिसला जाई आणि हेडक्लार्कला पत्ता लागत नसे. पौषात काशिनाथला ताप भरला आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. बाळूनं नागपूरला तार केली, पण घराला कुलूप होतं. वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या. मग मानलेला भाऊ म्हणून बाळूनंच अग्नी दिला, डोकं तासून घेतलं, मिशा उतरवल्या.

आणि एवढं करून कावळे हटून बसले! तलावाच्या घाटावर दहाबारा तरी होते. बाळूनं हात जोडले, "काशिनाथ, वहिनींना अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. "तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देईन." एका कावळ्यानं मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं आणि उडून गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. असल्या कावळ्यानं भटजी सुटतो, मेलेला सुटत नाही.

त्याच संध्याकाळपासून खोलीत काशिनाथ खोकू लागला. बाळू ऑफिसातून येऊन कुलपाला किल्ली लावी, की आतून तो आखूड खोकला येई, दुसऱ्याला त्रास नको म्हणून दाबलेला. दार उघडावं तर खाट रिकामी. खुंटीवर काशिनाथचा कोट. सकाळी उघडी असलेली त्याची बटणं संध्याकाळी लावलेली असत, गळ्यापर्यंत. दाराबाहेरच्या कडुनिंबाला अस्थींचं लाल फडक्यातलं गाठोडं टांगलं होतं. रजा मिळाली की होशंगाबादला नेऊन नर्मदेत सोडायचं. वारा पडला तरी ते गाठोडं झुलत राही. बाळू भित्रा नव्हता, पण त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं त्याला जमेना. "अरे बाबा, काय राहिलंय तुझं?" तो रोज विचारी.

सोळाव्या दिवशी सुमित्रावहिनी मुलीला आजोळीच ठेवून आल्या. तार माहेरी उशिरा पोचली होती. काय बोलायचं ते बाळूनं पाठ करून ठेवलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनीच विचारलं, "भाऊजी, कबर कुठं आहे?"

बाळूला वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. "वहिनी, सगळं यथासांग केलंय. चितेवर चंदनाचं लाकूडसुद्धा ठेवलं."

त्या फलाटावर मटकन खाली बसल्या. "जाळलंत? त्यांना जाळलंत तुम्ही?"

नगरकर ख्रिस्ती होते, आजोबांपासून. धर्म बदलला तरी घरातली नावं तीच चालत आली होती. आता काशिनाथ नावाचा माणूस ख्रिस्ती असेल हे कुणाच्या बापाला सुचावं? दर रविवारी सकाळी तो "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडे, एवढंच. त्यानं सांगितलं का नाही, हे बाळूला फलाटावरच उमगलं. खोलीत राहायला आले त्या पहिल्या दिवशी बाळू म्हणाला होता, "आपल्यातलाच सोबती मिळाला, बरं झालं बुवा. परमुलखात कुणाच्या हातचं खायचं, कळत नाही." काशिनाथ हसला होता आणि कणीक मळायला बसला होता. त्याच्या हातची पोळी बाळूनं तीन महिने खाल्ली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी खोलीत गेल्या नाहीत. कडुनिंबाखाली बसून त्या गाठोड्याकडे पाहत राहिल्या.

"शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, असं आम्ही मानतो," त्या म्हणाल्या. "नवं शरीर मिळेल. न झिजणारं, न कुजणारं. ह्यांचा खोकलासुद्धा जाणार होता, भाऊजी. मी त्यांना चेष्टेनं म्हणायची, तेव्हा तरी मला निवांत झोप लागेल. आता हे उठणार कशातून?"

तेवढ्यात बंद दाराआड कुणीतरी खोकलं. आखूड, दाबून.

वहिनींनी बाळूकडे पाहिलं. "रोज?"

"रोज."

त्या घाबरल्या नाहीत. तोंडात पदर कोंबून रडल्या. "जागा नाही मिळाली त्यांना," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहांगीराबादेतल्या म्हाताऱ्या पाळकांना घेऊन तिघे ख्रिस्ती कबरस्थानात गेले. "ज्यानं मातीतून माणूस घडवला त्याला राख जड नाही, बाई," पाळक म्हणाले. वहिनींनी मान हलवली, पण गाठोडं छातीशी तसंच घट्ट धरून ठेवलं.

खोदणाऱ्यानं त्या गाठोड्याकडे पाहून हातभर खड्डा केला आणि कुदळ टेकवली. "हो गया, बाईजी. इतनी-सी पोटली है."

"नहीं. पूरी खोदो, आदमी की," वहिनी म्हणाल्या. "उठेंगे तो पूरे उठेंगे."

"नाप किसका लूँ?"

वहिनींनी बाळूकडे पाहिलं. बाळूनं चपला काढल्या.

खड्डा कंबरभर झाला तेव्हा तो आत उतरून उताणा निजला. पाय पूर्वेला, वहिनींनी सांगितले तसे. उठणाऱ्याचं तोंड उगवतीला हवं. माती गार होती. वर आभाळाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसत होती. खोदणाऱ्यानं त्याच्या टाळूपाशी आणि टाचांपाशी खुणा केल्या. कावळ्यांपुढे बाळूनं नाही नाही ती वचनं दिली होती. जे म्हणायला हवं होतं ते आता त्याच्या तोंडून निघालं.

"तुला कधी विचारलंच नाही रे मी."

आणि त्याला खोकला आला. आखूड, दाबलेला. तो काशिनाथचा होता. बाळू जागच्या जागी थिजला. हातपाय उचलेनात, डोळेही मिटेनात.

वरून एक हात खाली आला. काकणं नसलेला, मातीनं भरलेला.

"उठा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "त्यांना निजू द्या आता."