मी ओरडलो, म्हणून माझी जीभ वाकवली

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातला झिजलेला ब्रेक पॅड आहे. गल्लीभर कर्कश ओरडत फिरायचा तो मीच. माफी मागायला आलो आहे असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी दूर करा.

जन्मलो तेव्हा मी चांगला बोटभर जाड होतो. लोखंडी पाठ, आणि तिच्यावर कसल्या कसल्या भुकट्या दाबून, भाजून चढवलेलं अंग. काम एकच. कुणी ब्रेकवर पाय दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीला घट्ट धरायचं आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचं नाही. दरवेळी माझं थोडं अंग झिजायचं. लोक म्हणायचे, "काय छान चालते हो गाडी!" किती छान थांबते, असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

माझ्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी होती. ती माझी जीभ. मी पातळ झालो की ती तबकडीला घासणार आणि किंचाळणार, अशी कारखान्यानेच करून दिलेली सोय. म्हणजे ओरडणं हा माझा दुर्गुण नव्हता, नोकरीचाच भाग होता.

दुर्दैवाने मी पडलो एका निवृत्त ग्रंथपालाच्या पदरात. एकतीस वर्षं त्यांनी वाचनालयात माणसं गप्प बसवली होती. खोकणाऱ्याकडे ते असे बघत की त्याचा खोकला बरा होई. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. गाडी त्याच चालवत. घर टेकाडावर, शाळा उताराच्या पायथ्याशी, आणि सकाळी शाळेच्या फाटकासमोर पोरांची रांग रस्ता ओलांडत असे.

एके दिवशी मी ओरडू लागलो.

"अहो, गाडी गॅरेजात दाखवू या," बाई म्हणाल्या.

"एवढ्याशा आवाजाला गॅरेज कशाला? घरच्या घरी बंद करतो."

सुरुवात त्यांनी रीतसर केली. नट सोडवायचे पाने आकारानुसार मांडले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. मागच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी जॅकने उचलली, खाली भक्कम स्टँड दिला. इथवर शंभरपैकी शंभर. मग चाक काढून त्यांनी मला बाहेर घेतलं, धूळ पुसली, अंगावरून पॉलिश पेपर फिरवला. आणि माझी जीभ त्यांच्या नजरेला पडली.

"सापडला! हीच पट्टी लागतेय."

"पण हा केवढा पातळ झालाय," बाई म्हणाल्या.

"शेवटची चार पानं उरली म्हणून पुस्तक कुणी टाकून देतं का?"

आणि त्यांनी पकडीने माझी जीभ मागे वाकवली.

घरात शांतता झाली. समोरचे शिंपीकाका म्हणाले, "तुमची गाडी आली कधी? कळलंच नाही!" ग्रंथपालांनी ती शाबासकी मानली. दोन महिने मी मुकाट्याने झिजत होतो. बाई रोज उतार उतरत होत्या, खाली पोरं रस्ता ओलांडत होती, आणि मला सांगता येत नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, जीभ नसेल तर हाडांनी बोलायचं. खरं तर ठरवण्यापुरतंही अंग उरलं नव्हतं, पण ठरवलं असं म्हणायला बरं वाटतं. सकाळी बाईंनी गाडी घराच्या फाटकाबाहेर काढली, उताराच्या तोंडाशी ब्रेक दाबला, आणि माझी लोखंडी पाठ तबकडीवर घासली. घर्रर्र! बाईंच्या पायाखाली थरथर झाली. त्यांनी तिथेच हँडब्रेक ओढला आणि खाली उतरल्या.

ग्रंथपाल चहाचा कप घेऊन धावत आले. "घाबरू नकोस. हळूहळू ने. उतारच तर आहे, आपोआप जाईल."

"आपोआप जाईल हो. थांबणार कशी?"

ग्रंथपाल चहा प्यायचं विसरले.

"मी पायी जाते," बाई म्हणाल्या. "माझी बहीण येईपर्यंत गाडीला हात लावलात तर बघा!"

बहीण बसच्या आगारात मेकॅनिक होती. संध्याकाळी नवे पॅड घेऊन आली, मला काढलं आणि माझी जीभ बघून कपाळाला हात लावला.

"भाऊजी, तुमच्या वाचनालयात कुणी 'आग, आग' म्हणून ओरडलं असतं तर?"

"हळू आवाजात ओरडायला सांगितलं असतं," ग्रंथपाल म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांनी तबकडीवरचे ताजे चरे बोटाने चाचपले आणि खाली शाळेकडे बघितलं. "रोज ही इथून उतरत होती," ते म्हणाले.

चरे वरवरचे होते, तबकडी वाचली. बहिणीने पुढच्या दोन्ही चाकांत नवे पॅड बसवले. ग्रीस लावलं ते फक्त पाठीला, नखभर. "अंगाला लागलं ना भाऊजी, तर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल."

"आणि ही पट्टी?"

"तिला हात लावाल तर तुमचं बोट वाकवीन."

मग ग्रंथपाल स्वतः गाडीत बसले. "आधी मी उतरून बघतो," म्हणाले. बाईंनी दार उघडलं तर त्यांनी ते लावून घेतलं. मी पायरीवर पडून बघत होतो. रिकाम्या रस्त्यावरून गाडी सावकाश उतरली, मध्यावर थांबली, पुन्हा थोडी उतरली, पुन्हा थांबली. घाम पुसत ते परत आले.

"आवाज आला नाही. हे चांगलं की वाईट?"

"आज चांगलं," मेहुणी म्हणाली.

मित्रांनो, उद्या मी भंगारात जाईन. तुम्ही गाडीखाली शिरू नका, ते काम जाणत्यांचं. पण ब्रेक किंचाळले तर घरात सांगा, आणि ऐकेपर्यंत सांगा. माणूस किंचाळला तर 'गप्प बस' म्हणण्याआधी 'काय झालं?' एवढं विचारा. लोक तुम्हाला कटकटे म्हणतील. म्हणू देत. मला तर सगळी गल्ली म्हणायची. पण त्या सकाळी गाडी उताराच्या अलीकडे थांबली, आणि ती मी थांबवली.