आकृती दोनमधली लाल रेघ

संस्थेची पाहणी करायला समिती येणार म्हटल्यावर संचालकांनी दोन कामं काढली. एक, तळमजल्यावरचे गळके नळ बदलणे. दोन, संस्थेने गेल्या तीस वर्षांत पेट्रोलियम भूविज्ञानात जे काही छापलं, त्याचा जगावर काय परिणाम झाला ते मोजणे. पहिलं काम प्लंबरकडे गेलं. दुसरं ग्रंथपालबाईंकडे आलं, कारण त्यांच्या टेबलावर सगळ्यांत कमी कागद दिसत. हे त्यांच्या शिस्तीचं लक्षण होतं, रिकामपणाचं नव्हे. पण असा फरक करायची संस्थेत पद्धत नव्हती.

बाई भूवैज्ञानिक नव्हत्या. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं, स्पंजात पाणी मुरावं तसं खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत कानावर पडून त्यांना ठाऊक झालं होतं. मोजणीच्या बाबतीत मात्र त्या कोणाचं ऐकून घेत नसत. दीड महिन्यात त्यांनी आलेख काढले. पहिली दहा वर्षं सगळे वालुकाश्मावर लिहीत होते. मग एका वर्षी कोणीतरी शिटी मारल्यासारखे सगळे शेल या पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाकडे वळले. आणि आता सगळे त्याच जुन्या वालुकाश्मात कार्बन कसा पुरून ठेवायचा यावर लिहीत होते. खडक तोच, माणसं तीच, नमुने ठेवायचं कपाटही तेच. शीर्षकं तेवढी बदलत गेली होती. बैठकीत हे ऐकून कोणाची पापणी हलली नाही.

खळबळ झाली ती पुढच्या तक्त्यावरून. संस्थेच्या चौदाशे लेखांपैकी जगात सगळ्यांत जास्त उल्लेख झालेला लेख एकोणीस वर्षांपूर्वीचा होता आणि तो चाळणीसरांचा होता. सहाशे अकरा सायटेशन्स. म्हणजे जगातल्या सहाशे अकरा लेखांनी आपल्या शेवटी दिलेल्या संदर्भांच्या यादीत तो घातला होता. दुसऱ्या नंबरच्या लेखाला अठ्ठ्याऐंशी होत्या आणि त्याचे लेखक बैठकीला आलेच नव्हते.

चाळणीसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. खडकातली छिद्रं मोजण्यात हयात गेली म्हणून. उंच, जरा वाकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. आकडा जाहीर झाल्यावर टाळ्या पडल्या, तेव्हा त्यांचा चेहरा दाताच्या डॉक्टरने आत बोलावल्यावर होतो तसा झाला. लोकांनी तो विनय समजला.

तो विनय नव्हता. त्या लेखातला खडक उलटा होता.

हे जरा नीट सांगायला हवं. तेलाची विहीर खणताना अधूनमधून खालच्या खडकाचा दंडाएवढ्या जाडीचा एक सलग दांडा कापून वर काढतात. त्याला कोअर म्हणतात. मीटर-मीटरचे तुकडे करून तो लांब पेट्यांत भरतात. आता दगडाच्या तुकड्याला डोकं कुठलं आणि पाय कुठले हे बघून कळत नाही, म्हणून कोअर वर आल्या आल्या त्यावर लांबीच्या दिशेने दोन रेघा मारतात, एक लाल आणि एक काळी. नियम सोपा आहे: तुकडा सुलटा उभा धरला की लाल रेघ उजवीकडे. जगभर हाच नियम. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि मग कोणी विसरत नाही, अशी समजूत आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी चाळणीसर परिषदेच्या तारखेशी शर्यत लावून कोअर-गोदामात गेले होते. गोदामवाल्याने चौपन्न पेट्या जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या, दाराच्या बाजूने, म्हणजे शेवटची पेटी सगळ्यांत पुढे. सर दारातून आत आले आणि जिथून आले तिथूनच मोजायला लागले. पेट्यांचे आकडे झाकणांवर होते आणि झाकणं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. अशा रीतीने चौपन्न मीटरचा खडक शीर्षासनात गेला. खोल जावं तशी छिद्रं कमी होत जातात, हे सगळ्यांना माहीत असताना सरांच्या खडकात ती वाढत गेलेली दिसली. परिषदेत लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागले. लेख झाला, लेखावरून बढती झाली, बढतीवरून घर झालं, आणि सरांच्या मुलीने शाळेच्या निबंधात 'माझे बाबा उलट्या खडकाचे शोधक आहेत' असं लिहिलं, ते तेव्हा कौतुकाने.

सरांना हे कळलं सहा वर्षांपूर्वी. विद्यार्थ्यांना गोदामात नेऊन ते लाल-काळ्याचा नियम समजावत होते आणि हाताला आली म्हणून स्वतःच्याच जुन्या पेटीतली एक कांडी त्यांनी उचलली. लेखातल्या क्रमाने धरली. लाल रेघ डावीकडे आली. दुसरी कांडी उचलली, तिसरी उचलली. मग त्यांनी विद्यार्थ्यांना चहाची वेळ झाल्याचं सांगितलं. तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजले होते.

त्यानंतर सहा वर्षं ते गप्प होते. लबाडी करायची म्हणून नव्हे. सुरुवात कुठून करायची ते कळेना म्हणून. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर चूक ठरली असती. वर्षाने सांगायचं तर आधी वर्षभर काय करत होतात याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि दर वर्षी त्या उत्तराची लांबी वाढत होती. पण खरा काटा वेगळाच होता. आपले आकडे खरे धरून कोणी कुठे विहीर खणली असेल तर? नको तिथे, नको तितकी खोल? बातम्यांत कुठे कोरडी विहीर लागल्याचं आलं की सर टीव्हीचा आवाज कमी करत.

बैठकीनंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं की नुसता आकडा सांगून भागत नाही. कोणी कुठल्या वाक्यात आणि कशासाठी उल्लेख केला, ते त्या एकेक लेख उघडून बघणार आहेत. आणि संचालकांनी प्रवेशद्वारात लावायला एक फलक करायला टाकला. फलकावर सरांचा फोटो नको, त्यात ते घाबरल्यासारखे दिसतात, असं ठरून त्याऐवजी लेखातलीच एक आकृती मोठी करून घेतली गेली. आकृती दोन. कोअरचा रंगीत फोटो, साडेसहा फूट उंच. लाल रेघ सरांच्या अंगठ्याएवढी जाड झाली होती आणि ठसठशीतपणे डावीकडे होती. सोमवारी समिती येणार होती आणि तिच्या अध्यक्षांनी उमेदीची तीस वर्षं तेलविहिरींवर काढली होती.

सरांनी आपल्या परीने हातपाय मारले. फलकाऐवजी कुंड्या ठेवाव्यात असं सुचवलं. बाईंना भेटून, एवढे लेख वाचून डोळ्यांना त्रास होईल अशी काळजी व्यक्त केली. बाईंनी चष्म्याचा नंबर नुकताच बदलल्याचं सांगितलं आणि एकशे बाराव्या लेखाकडे वळल्या.

शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. त्या औषधविक्रेत्या होत्या. स्वतःचं दुकान, नाक्यावर. दुकान उघडायची घाई होती, म्हणून सरांनी सहा वर्षांची गोष्ट चार मिनिटांत सांगितली. त्यांनी चप्पल घालता घालता ऐकली.

"बाटलीवर लेबल चुकलं तर आम्ही काय करतो?" त्या म्हणाल्या.

"माल परत मागवता."

"आणि तुम्ही?"

सरांनी दुकानाच्या किल्ल्या शोधून त्यांच्या हातात दिल्या.

"तुम्ही ती बाटली कपाटात ठेवून सहा वर्षं कपाटाकडे बघत बसलात. मला वाटत होतं तुम्हाला पोटाचं काहीतरी आहे. किती गोळ्या दिल्या मी तुम्हाला, अहो." मग दारातून वळून त्या म्हणाल्या, "ग्रंथपालबाईंना जाऊन सांगा. कळायचंच असेल तर तुमच्या तोंडून कळू दे. आणि त्या गोळ्या बंद करा."

शनिवारी ग्रंथालय अर्धा दिवस असतं. सर गेले तेव्हा बाई एकट्याच होत्या, समोर स्क्रीनवर आडव्या-उभ्या रकान्यांचा भलाथोरला तक्ता. सर खुर्चीच्या काठावर बसले आणि बाईंच्या डाव्या खांद्याला त्यांनी सगळं सांगितलं. पेट्या, झाकणं, दार, लाल रेघ, पावणेदहाचा चहा. अहवालातून लेख वगळा असं म्हणायचं ते ठरवून आले होते, पण बोलता बोलता ते म्हणायचं राहून गेलं. त्याऐवजी ते म्हणाले, "एवढंच सांगा, त्या सहाशे अकरांपैकी कोणी माझ्या आकड्यांवर विहीर खणली आहे का?"

बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी जे दाखवलं ते असं. सहाशे अकरांपैकी चारशे एकतीस लेखांनी सरांचा उल्लेख प्रस्तावनेत, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात केला होता, आणि तो 'वालुकाश्माची सच्छिद्रता ही गुंतागुंतीची बाब आहे' या विधानासाठी. हे विधान खडक कोणत्याही बाजूने उभा केला तरी खरंच राहत होतं. सत्त्याण्णव जणांनी लेख उघडलासुद्धा नव्हता. एकाने सुरुवातीचं पान एकशे चौदाऐवजी एकशे एकेचाळीस लिहिलं होतं आणि बाकीच्या शहाण्णवांनी त्याच्या यादीतून ते एकशे एकेचाळीस तसंच उतरवून घेतलं होतं. शेहेचाळीस उल्लेख सरांचे स्वतःचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे. तीस लेखांत नुसतीच लांबलचक यादी होती, त्यात सर तिसाव्या आणि चाळिसाव्या नावाच्या मध्ये कुठेतरी. सहा लेख मिळालेच नाहीत.

सरांनी मनात बेरीज केली. एक कमी पडत होता.

"आणि हा एक," बाई म्हणाल्या. "याने वाचलाय."

सर स्क्रीनजवळ वाकले.

तो अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल होता, एका तेल कंपनीतल्या भूवैज्ञानिकाचा, कुठल्याशा लहान परिषदेच्या जाडजूड खंडात दडलेला. उल्लेख तळटीपेत होता. बाईंनी अक्षर मोठं केलं आणि सरांना वाचायला वेळ मिळावा म्हणून उगाच ड्रॉवर आवरू लागल्या. तळटीप अशी होती: या लेखातील नमुन्यांचा क्रम उलटा लागलेला दिसतो, पाहा आकृती दोन, लाल रेघ डावीकडे आहे. आकडे मात्र फार काळजीपूर्वक काढलेले असून क्रम सुलटा केल्यास ते आमच्या तिन्ही विहिरींशी उत्तम जुळतात. आम्ही ते तसेच, सुलटे करून, वापरले. तिन्ही विहिरींना तेल लागले.

सरांनी ती तीनदा वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसू यावं की रडू, ते चेहऱ्याने ठरवायला थोडा वेळ घेतला आणि शेवटी नुसताच एक मोठा श्वास बाहेर आला, इतका मोठा की टेबलावरची परत यायच्या पुस्तकांची चिठ्ठी उडाली.

"म्हणजे कोणी वाचलाच नाही," ते म्हणाले.

"एकाने वाचला."

"तेच म्हणतोय मी." सरांनी पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांकडे बघितलं. "किती बरं झालं हो."

बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की तळटीप मंगळवारीच हाती लागली होती. अहवालात ती येणारच होती. पण सर येतात का, याची त्या शनिवारपर्यंत वाट बघणार होत्या. आणि मी नसतो आलो तर? सरांनी विचारलं. तर सोमवारी सकाळी मीच तुमच्याकडे आले असते, बाई म्हणाल्या, आणि ते तुम्हाला जास्त जड गेलं असतं.

त्याच दुपारी दोघांनी मिळून नियतकालिकाला पाठवायची दुरुस्ती लिहिली. अर्ध्या पानाची. सरांना सहा वर्षं सुचत नव्हती ती सुरुवात बाईंनी एका वाक्यात करून दिली: 'या लेखातील तक्ता तीन खालून वर वाचावा.'

संचालकांना सांगणं उरलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: दुरुस्ती छापली तर सायटेशन्स कमी होतील का? होत नाहीत, बाईंनी सांगितलं, उलट दुरुस्तीत मूळ लेखाचा उल्लेख करावाच लागतो, म्हणजे सहाशे बारा. संचालकांच्या मनातलं विज्ञानाविषयीचं सगळं समाधान चेहऱ्यावर आलं. अकरा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी तळटीपेत येण्याआधी आपणच ही चूक पकडली असती तर जास्त शोभलं असतं, असं ते म्हणाले; पण समितीपुढे प्रामाणिकपणाची एखादी गोष्ट असावीच, असंही म्हणाले. फलक उतरवला. तो उलटा टांगला तर चालेल का, असं त्यांनी एकदा विचारून बघितलं, पण मग संस्थेचं नावही उलटं झालं असतं.

समिती आली, नळ बघून गेली. अध्यक्षांनी सरांची गोष्ट ऐकली आणि आपण एकदा अख्खी विहीरच चुकीच्या शेतात सुरू केली होती, ते खुशीत येऊन सांगितलं.

त्या कंपनीतल्या भूवैज्ञानिकांचा पत्ता बाईंनी शोधून दिला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सरांनी पत्र पाठवलं, आभाराचं आणि माफीचं, दोन्हींची सरमिसळ झालेलं. चौथ्या दिवशी दुपारी घरी फोन आला. सर हातातला कप खाली ठेवून उभेच राहिले. पलीकडचे गृहस्थ हळू बोलत होते. क्रम उलटा झाल्याचं छापखान्यातलं काहीतरी असेल असं वाटलं म्हणून कळवलं नाही, ते म्हणाले, राग मानू नका. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, मोकळे असाल तर एक विचारायचं होतं, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे. नमुना सदतीस. आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा त्याची सच्छिद्रता एवढी जास्त कशी?

"त्याला भेग होती," चाळणीसर म्हणाले. "केसाएवढी. मी ती तळटीपेत घालणार होतो, पण जागा संपली."

"वाटलंच मला," पलीकडून आवाज आला.

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. एकोणीस वर्षांत त्या तक्त्याबद्दल त्यांना कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि त्याच्या मागोमाग दुसरा येत होता.